पॉइंट गार्ड ओळखायचा कसा?

मंडळाच्या एका सभासदांची तेरा वर्षांची मुलगी यंदा शाळेच्या बास्केटबॉल संघातून वगळली गेली. कारण सांगितले उंचीचे. तिच्या वडिलांनी आम्हाला विचारले, "काका, तुम्ही तिला रोज बघता. तिच्यात खरंच काही आहे का? नसेल तर सरळ क्लास लावतो आणि हे बंद करतो." आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी तरुणपणी थोडेफार खेळलेलो. आता संध्याकाळी रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर मुलांचा खेळ पाहत बसतो, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे आला. उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा तो नव्हता. इतर पालकांनाही तो पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

ही मुलगी पॉइंट गार्ड आहे. पाच खेळाडूंपैकी बॉल वर घेऊन जाणारा आणि कोणाला, कुठे, केव्हा द्यायचा हे ठरवणारा तो पॉइंट गार्ड. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बॉल 8 सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि 24 सेकंदांत रिंगकडे फेकावा लागतो. म्हणजे या खेळाडूला एका सामन्यात कितीतरी वेळा, समोर प्रतिस्पर्धी हात पसरून उभा असताना, काही क्षणांत निर्णय घ्यायचे असतात. त्याची परीक्षा या निर्णयांची आहे. गुणफलकावर मात्र निर्णय लिहिलेले नसतात, तिथे फक्त गुण दिसतात. बहुतेक पालक गुणच मोजतात आणि तिथेच फसतात.

आम्ही सर्वांत आधी मुलाची नजर पाहतो. ड्रिबल करताना मान खाली आहे की वर? बॉलकडे पाहणाऱ्याला मोकळा झालेला साथीदार दिसणारच नाही. मग पास. साथीदार जिथे उभा आहे तिथे बॉल देणे कोणालाही जमते. तो दोन पावलांनी जिथे पोहोचणार आहे तिथे, त्याच्या हातात अलगद बसेल असा बॉल देणारी मुले थोडी. आमच्या मते ही गोष्ट घोटून घेता येते, पण एका हद्दीपर्यंतच. उरलेली मुलाच्या अंगात असावी लागते.

दोन्ही पायांमधून बॉल काढणे, पाठीमागून फिरवणे याला टाळ्या खूप पडतात. पण त्याने समोरचा खेळाडू हलला का, हे पाहावे. नुसत्या वेगाचेही तसेच. चांगला गार्ड मध्येच मंद होतो आणि समोरचा सैलावला की निसटतो. डाव्या हाताने किती खेळतो हेही बघावे, कारण उजव्याच बाजूने जाणारा गार्ड प्रतिस्पर्धी कोचला पाच मिनिटांत कळतो. शिवाय बॉल हातातून गेल्यावर काय होते? मूल पंचांकडे पाहत हात वर करते, की मागे धावत सुटते? हे शेवटचे आम्ही फार महत्त्वाचे मानतो.

आता हिशेबाचे. आमच्यापैकी काहींचा जन्म खतावण्यांत गेला, त्यामुळे सवय सुटत नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. जमा बाजूला असिस्ट, म्हणजे ज्या पासवरून साथीदाराने लगेच बास्केट केली तो पास. नावे बाजूला टर्नओव्हर, म्हणजे बॉल गमावणे. एका टर्नओव्हरमागे दोन असिस्ट पडत असतील तर हात विश्वासाचा आहे असे समजावे. मात्र शाळेच्या सामन्यांत हा हिशेब थोडा फसवा असतो. पास उत्तम, पण समोरच्या मुलाने सोपा शॉट घालवला तर असिस्ट लागत नाही. म्हणून आम्ही असे पासही वेगळ्या खुणेने जमेत धरतो. आणि एका सामन्यावरून मत बनवत नाही. कर्ज देताना एका वर्षाचा ताळेबंद पाहून कोणी सही करत नाही, तीन वर्षांचे मागतो.

उंचीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. रिंग 10 फुटांवर आहे आणि उंच खेळाडूला फायदा मिळतोच. अमेरिकेच्या एनबीएमध्ये 5 फूट 3 इंचांचा मग्सी बोग्स 14 हंगाम खेळला हे खरे, पण एवढा बुटका दुसरा कोणी तिथे झाला नाही. बुटक्या गार्डला लांबून अचूक शॉट हवाच, नाहीतर बचाव करणारा मागे सरकून पासच्या वाटा बंद करतो. पण तेरा-चौदाव्या वर्षी दिसणारी उंची हा वेगळा मामला आहे. त्या वयात कोणी लवकर वाढतो, कोणी उशिरा. आज जो मुलगा ताकदीवर सगळ्यांना ढकलून बास्केट करतो, त्याला पास शिकण्याची गरजच पडत नाही. पुढे बाकीचे त्याच्या खांद्याला लागले की त्याची पंचाईत होते. मुलींची वाढ साधारणपणे मुलांच्या आधी आटोपते, हेही लक्षात ठेवावे लागते.

स्टीव्ह नॅशचे उदाहरण आम्ही पालकांना नेहमी सांगतो. हा कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरात वाढला. शाळेत उत्तम खेळत होता, त्याच्या कोचने अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना कळवलेही, पण शिष्यवृत्ती देऊ केली एकट्या सांता क्लारा विद्यापीठाने. पहिल्याच वर्षी, 1993 मध्ये, या लहानशा विद्यापीठाने राष्ट्रीय स्पर्धेत बलाढ्य ॲरिझोनाला हरवले आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात नॅशने सलग सहा फ्री थ्रो टाकले. 1996 च्या निवडीत त्याचा क्रमांक 15 वा होता. पुढे 2005 आणि 2006 असे लागोपाठ दोनदा तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो काही फार उडी मारणारा नव्हता आणि त्याचा बचाव तर कच्चाच होता. बाकीच्या विद्यापीठांनी जे पाहिले नाही ते मोजपट्टीने दिसणारे नव्हतेच. अर्थात, प्रत्येक वगळलेल्या मुलात नॅश लपलेला असतो असे मुळीच नाही.

तर त्या मुलीचे. तीन सामन्यांत तिच्या नावावर आमच्या वहीप्रमाणे जमा 23, नावे 9. मान वर असते, आवाज मोठा आहे, तिच्यापेक्षा मोठ्या मुली तिचे ऐकतात. डावा हात अगदी कच्चा, लांबचा शॉट त्याहून कच्चा. पुढच्या दोन वर्षांत हे दोन्ही सुधारले नाही तर उंची तिला आडवी येईल. वडिलांना आम्ही हे जसेच्या तसे सांगितले, वहीही दाखवली. ती राष्ट्रीय संघात जाईल असे सांगितले नाही, कारण ते आम्हाला दिसत नाही. पण आज बंद करण्याजोगे कारणही दिसत नाही, असे सांगितले.

त्यांनी क्लास सकाळचा घेतला आणि संध्याकाळ मोकळी ठेवली. नॅश कॉलेजात टेनिसचा बॉल टप्पे देत वर्गात जायचा, असे आम्ही बोलता बोलता सांगून गेलो होतो. तेव्हापासून ही मुलगी घराच्या गॅलरीत डाव्या हाताने टेनिसचा बॉल आपटते. खालच्या मजल्यावरच्या आजींची एकदा तक्रार येऊन गेली आहे.