घराजवळचं धोकादायक झाड काढायचंय? परवानगी, खर्च आणि सुरक्षेचं गणित समजून घ्या

जुलै २०१७ मध्ये मुंबईतल्या चेंबूरमध्ये रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा मृत्यू झाला. हे झाड तोडण्यासाठी आधीच अर्ज करण्यात आला होता, पण महापालिकेची परवानगी मिळाली नव्हती, असं नंतर समोर आलं.

पावसाळा जवळ आला की अनेक सोसायट्यांमध्ये आणि बंगल्यांमध्ये हीच धाकधूक असते. झाड ठेवलं तर पडण्याची भीती, तोडलं तर कारवाईची भीती. मग कुणीतरी रविवारी सकाळी कोयता-कुऱ्हाडवाल्याला बोलावतं आणि काम 'स्वस्तात' उरकतं. पण हा सौदा खरंच स्वस्त असतो का?

झाड माझं, जागा माझी, तरी परवानगी कशाला?

महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण आणि जतन कायदा लागू आहे. खासगी जागेतलं झाडही त्याच्या कक्षेत येतं. या कायद्यात 'झाड तोडणं' याचा अर्थ बराच व्यापक आहे. झाड जाळणं किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. त्यामुळे मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरी आधी उद्यान विभागाला विचारायला हवं. विनापरवाना तोडीसाठी दंडाची आणि कैदेची तरतूद आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' मानलं गेलं. शिवाय, तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. म्हणजे ३० वर्षांचा आंबा तोडायचा तर ३० झाडं लावायची तयारी ठेवायची. खर्चाचा हिशेब करताना अनेकजण हे विसरतात.

गावात मात्र १९६४ चा वेगळा कायदा आहे. तिथे आधी तलाठी किंवा वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा.

तोडायलाच हवं का?

झाड वाकडं आहे एवढ्यावरून ते धोकादायक ठरत नाही. अनेक झाडं वाकडीच वाढतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. लक्षणं वेगळी असतात: झाड अलीकडे कलायला लागलं आहे, कललेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेला जमिनीला भेगा पडल्या आहेत, बुंध्याशी अळिंबी उगवली आहे किंवा खोडात पोकळी आहे. नारळाच्या खोडाला भोकं पडून तपकिरी चिकट द्रव गळत असेल तर सोंड्या भुंग्याची शंका घ्या. या किडीमुळे वरून हिरवं दिसणारं झाड आतून पोखरलेलं असू शकतं.

यापैकी काही नसेल तर बहुतेकदा वाळलेल्या फांद्या काढून आणि भार हलका करून भागतं. छाटणीचा खर्च कमी येतो आणि सावलीही राहते. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवले असतील तर तेही मोकळे करून घ्या.

खर्च कशावरून ठरतो?

फक्त उंचीवरून नाही. झाडाखाली आणि आजूबाजूला काय आहे, यावर खर्चाचा मोठा भाग ठरतो. मोकळ्या मैदानात झाड एका दिशेला पाडता येतं. पण त्यासाठी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर मोकळं लागतं. १२ मीटरच्या नारळाला २४ मीटर! सोसायटीत एवढी जागा कुठून आणणार? म्हणून शेंड्यापासून एकेक तुकडा कापून दोराने खाली सोडावा लागतो. त्याला माणसं जास्त लागतात आणि वेळही.

हा वेळ वाया जात नाही. ३० सेंटिमीटर जाडीच्या आणि ३ मीटर लांबीच्या ओल्या फांदीचं वजन १५० ते २०० किलो भरतं. ती ६ मीटरवरून सुटली तर ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने खाली येते. खाली गाडी असो, पत्रा असो की माणूस.

ठेकेदाराला काय विचारायचं?

• परवानगीची प्रत पाहिल्याशिवाय काम सुरू करणार नाही, असं तो स्वतःहून म्हणतो का? 'परवानगीचं मी बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका' म्हणणाऱ्यापासून सावध राहा.
• वर चढणाऱ्याकडे सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट आहे का? कामगारांचा अपघात विमा आहे का?
• दर लेखी द्या म्हणा. कापणं, खाली उतरवणं, फांद्या उचलून नेणं आणि बुंधा काढणं यांचे आकडे वेगळे हवेत. अनेकदा 'स्वस्त' दरात फक्त कापणं असतं आणि ढीग गेटवरच पडून राहतो.
• लाकूड कोण नेणार? त्याला किंमत असते. ठेकेदार नेणार असेल तर दर कमी करून मागा.
• जवळून विजेच्या तारा जात असतील तर आधी वीज कंपनीला कळवा. पुरवठा बंद झाल्याशिवाय फांदीला हात लावू देऊ नका.

पैसे वाचवायचे तर काम जूनपर्यंत लांबवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज करा आणि परिसरातल्या तीन-चार झाडांचं काम एकत्र द्या. ऐन पावसाळ्यात घाई तुम्हाला असते, ठेकेदाराला नाही.

अर्ज फेटाळला तर?

चेंबूरची घटना इथे आठवायला हवी. एका पाहणीत झाड ठीक दिसलं म्हणजे ते कायम ठीक राहील असं नाही. अर्जाची पोच जपून ठेवा. दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा. कल वाढला किंवा नवी भेग दिसली तर त्या फोटोंसह पुन्हा अर्ज करा आणि फेरपाहणी मागा. उद्या काही दुर्घटना घडली तर 'आम्ही कळवलं होतं' हे दाखवणारा कागद तुमच्याकडे हवा. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

झाड आत्ता, या क्षणी पडायच्या बेतात असेल तर अर्जाची वाट पाहू नका. खालची जागा रिकामी करा, गाड्या हलवा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मुंबईत महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. झाड तारांवर पडलं असेल तर १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवा आणि कुणालाही जवळ जाऊ देऊ नका.