जुना वाडा बोलतो, पण त्याचं सगळं खरं मानायचं का?



‘इतिहासाची साधने’ हा धडा आपण सगळेच शिकवतो. भौतिक, लिखित, मौखिक ही तीन नावं मुलं पाठ करतात आणि उदाहरणंही बरोबर लिहितात. पण एक साधन एक सांगतं आणि दुसरं वेगळंच सांगतं, तेव्हा काय करायचं? हे मुलांना सहसा कुणी विचारत नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या एका सरदारी वाड्याचं उदाहरण मला फार उपयोगी वाटतं.

डर्बीशायर परगण्यात हार्डविक हॉल नावाचा वाडा आहे. तो बांधला एका बाईने. तिचं नाव एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस. लोक तिला ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणतात. चार लग्नं झालेली, व्यवहाराला पक्की आणि अतिशय श्रीमंत बाई. वाड्याच्या मनोऱ्यांवर तिने आपली ‘ई’ आणि ‘एस’ ही आद्याक्षरं दगडात कोरून उभी केली आहेत. मालक कोण, हे दुरूनच कळावं!

आता गंमत पाहा. पुढच्या काळात इथे येणाऱ्या पाहुण्यांना सांगितलं जायचं की स्कॉटलंडची राणी मेरी याच वाड्यात कैदेत होती. एका खोलीला आजही तिचं नाव आहे. गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. बेसचा चौथा नवरा खरोखरच 1569 ते 1584 या काळात मेरीचा पहारेकरी होता. पण मेरीला मृत्युदंड दिला गेला फेब्रुवारी 1587 मध्ये, आणि या वाड्याचं बांधकाम सुरू झालं 1590 मध्ये. म्हणजे राणी गेली तेव्हा वाड्याचा पायासुद्धा खणलेला नव्हता.

मग बांधकामाचं साल कशावरून कळतं? बेसच्या हिशेबाच्या वह्या टिकून आहेत. कुणाला किती मजुरी दिली, हे त्यांत लिहिलेलं आहे. गवंडी जॉन आणि ख्रिस्तोफर रोड्स, कोरीवकाम आणि गिलाव्याचं काम करणारा अब्राहम स्मिथ, ही नावं आपल्याला माहीत आहेत ती अशाच नोंदींमुळे. मनोऱ्यावर यांच्यापैकी कुणाचंच अक्षर नाही. मला स्वतःला मेरीच्या गोष्टीपेक्षा ही नावं वाचताना जास्त बरं वाटतं.

दुसरा मोठा कागद म्हणजे 1601 ची सामानाची यादी. आपल्या मृत्युपत्रासोबत बेसने आपल्या घरांतल्या वस्तूंची दालनवार नोंद करवून घेतली. तिच्या झोपायच्या खोलीत फक्त सहा पुस्तकं होती, तीही धार्मिक वळणाची, काहींवर मखमलीचं आवरण. एवढी मोठी मालकीण, आणि पुस्तकं सहा! पण थांबा. यादी वस्तू सांगते, सवयी नाही. त्या सहा पुस्तकांपैकी तिने किती वाचली, हे यादी कसं सांगणार?

कागद आणि वस्तू जुळतात तेव्हा मात्र खरी मजा येते. लांबलचक दालनात गिडियनच्या कथेच्या 13 टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर लावायचे विणलेले चित्रपडदे आहेत. ते बेसने 1592 मध्ये सर ख्रिस्तोफर हॅटनच्या वारसाकडून विकत घेतले. त्यांवर हॅटनचं कुलचिन्ह विणलेलं होतं. ते बदलायचा खर्च येणार म्हणून तिने किमतीतून 5 पौंड कमी करून घेतले. नंतर त्यावर कापडावर रंगवलेली स्वतःची चिन्हं लावली. व्यवहाराची नोंद आणि पडद्यावरचं ठिगळ, दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

वाडा स्वतःही फसवतो बरं का. हार्डविक त्याच्या मोठमोठ्या काचेच्या खिडक्यांसाठी प्रसिद्ध आहे, कारण त्या काळी काच म्हणजे चैन. पण बाहेरून दिसणाऱ्या काही खिडक्यांच्या मागे भिंत किंवा धुराडं आहे! आणि एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकने वाडा आणखी जुना वाटावा म्हणून दुसरीकडच्या जुन्या वस्तू इथे आणल्या. त्यामुळे आज दिसणारी प्रत्येक वस्तू बेसच्या वेळची, असं समजून चालत नाही. ती 1601 च्या यादीशी ताडून पाहावी लागते.

इतर इंग्रजी वाड्यांसाठी 1662 ते 1689 मधल्या चूल-कराच्या नोंदी कामी येतात. घरात किती शेगड्या होत्या ते त्यांत कळतं. 1841 पासूनच्या जनगणनेत तर त्या रात्री घरात असलेल्या नोकरचाकरांचीही नावं मिळतात.

वर्गात किंवा घरी हे करून बघा. मुलांना आजीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची यादी करायला सांगा, फक्त दिसतं तेवढंच लिहायचं. मग ती आजीला वाचून दाखवायची आणि कोणती वस्तू कधी, कुठून आली ते विचारायचं. भांड्यावर नाव किंवा तारीख कोरलेली असेल, एखादी जुनी पावती सापडली, तर आजीच्या सांगण्याशी ताडून पाहायची. जुळलं नाही तर आजीला खोटं ठरवायची घाई नको. ते भांडं आधी कुणाचं होतं, ते पुन्हा एकदा विचारा.