दोन वॉर्डांचा एक डॉक्टर

नागपूरहून वर्ध्याकडे निघालात की वर्धा यायच्या आठेक किलोमीटर आधी पवनार लागतं. धाम नदी, काळे खडक, काठावर विनोबांचा आश्रम. इथे येणारी माणसं साधारणपणे शांतता शोधत येतात. मी मात्र एका डिग्रीच्या मागावर आले होते. आणि गंमत म्हणजे, ती डिग्री भारतात मिळतच नाही!

तिचं नाव मेड-पेड्स. म्हणजे इंटर्नल मेडिसिन आणि पीडियाट्रिक्स, मोठ्यांचं आणि मुलांचं डॉक्टरी शिक्षण एकत्र. अमेरिकेत १९६७ मध्ये दोन्ही विषयांच्या बोर्डांनी मिळून याला मान्यता दिली. वेगवेगळं शिकायचं तर तीन अधिक तीन, सहा वर्षं. एकत्र केलं तर चार. दोन वर्षं मोठ्यांच्या वॉर्डात, दोन मुलांच्या. पण सलग नाही हं. दर तीन-चार महिन्यांनी वॉर्ड बदलतो. आज सत्तरीच्या आजोबांचं हार्ट फेल्युअर, पुढच्या महिन्यात दीड किलोचं बाळ. शेवटी परीक्षा दोन, आणि दोन्ही पास व्हायच्या. आपल्याकडे एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर टाकलं तरी आपण आठवडाभर कुरकुरतो!

माझी एक शाळेतली मैत्रीण मुलांची डॉक्टर आहे. तिला हे सांगितलं तर आधी हसली. "अगं, आमच्याकडे काउन्सेलिंगच्या स्क्रीनवर एकाच ब्रँचवर क्लिक करता येतं." मग जरा थांबून म्हणाली, "पण गावात पेशंट ब्रँच बघून येत नाही."

पवनारला मी या वाक्यामुळे गेले. हे गाव दोन मेडिकल कॉलेजांच्या टप्प्यात आहे. एका बाजूला सेवाग्राम, जिथलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलं. दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे). सेवाग्रामच्या हॉस्पिटलला नाव कस्तुरबांचं, सावंगीच्या हॉस्पिटलला आचार्य विनोबा भावेंचं. आता विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये याच पवनारला अन्न आणि औषध दोन्ही नाकारून देह ठेवला होता, त्यांच्याच नावाने हॉस्पिटल असावं याचं मला आश्रमात बसल्या बसल्या राहून राहून नवल वाटत होतं. असो.

सेवाग्रामची पद्धत वेगळी आहे. पहिल्या वर्षाची मुलं आधी आश्रमात राहायला जातात, खादी घालतात. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थ्यांना कुटुंबं वाटून दिली जातात. कुटुंब म्हटलं की त्यात आजी आली, गरोदर सून आली, रांगतं बाळ आलं. एमडीला प्रवेश हवा तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करा, अशी अटही इथे बरीच वर्षं होती. घरातल्या सगळ्यांकडे एकत्र बघायची सवय इथे एमबीबीएसलाच लागते. पुढे एमडीला मात्र दारं वेगळी होतात, देशभर होतात तशीच.

पण मूल आणि मोठा माणूस यांत असा कितीसा फरक असतो? औषध अर्धं करून दिलं की झालं, असं मलाही वाटायचं. मैत्रिणीने फोनवर माझा क्लास घेतला. आपण शांत बसलो असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० च्या पुढे गेला तर धोका. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. औषध वजनावर मोजायचं. सगळ्यात फसवं म्हणजे ब्लड प्रेशर. शरीरातलं पाणी कमी झालेलं मूल बराच वेळ प्रेशर टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. मोठ्यांच्या सवयीने आकड्याची वाट बघत बसलात, तर उशीर झालेला असतो.

आता सध्याच्या इंटर्नशिपचं वेळापत्रक बघा. ५२ आठवड्यांत जनरल मेडिसिनला ६ आणि पीडियाट्रिक्सला ३. एवढ्या शिदोरीवर पोरगा किंवा पोरगी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. तिथे दोन्ही वॉर्ड एकाच खोलीत असतात.

विदर्भाच्याच मातीतली दोन उदाहरणं सांगायलाच हवीत. डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला जायला निघाले, तेव्हा त्यांना सल्ला मिळाला की तीन गोष्टी आल्या तरच जा. सोनोग्राफी आणि रक्ताशिवाय बाळंतपण, एक्स-रेशिवाय न्यूमोनियाचं निदान आणि जुलाबावर उपचार. ते मुंबईत राहून हे शिकले, मग गेले. २०१९ मध्ये त्यांना आणि डॉ. स्मिता कोल्हेंना पद्मश्री मिळाली, पण मला ती तीन कलमी यादीच जास्त भारी वाटते. मेड-पेड्सचा अख्खा सिलॅबसच जणू पोस्टकार्डावर!

दुसरे डॉ. अभय बंग. बालपण वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात, एमडी मेडिसिनचं, म्हणजे कागदावर 'मोठ्यांचे डॉक्टर'. जगभर नाव झालं ते मात्र गडचिरोलीतल्या नवजात बाळांसाठी. त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ३९ गावांत घरच्या घरी बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. गडचिरोलीत ब्रँचची भिंत गरजेपुढे टिकली नाही.

मग आपल्याला ती अमेरिकन डिग्री हवी का? मला वाटतं, जशीच्या तशी नको. आपल्याकडे फॅमिली मेडिसिन आहेच. त्यातला डीएनबी तीन वर्षांचा, आणि त्यात मेडिसिन, मुलं, बाळंतपण, सर्जरी सगळं येतं. अडचण प्रतिष्ठेची आहे. लग्नाच्या बायोडेटात 'फॅमिली मेडिसिन' लिहिलं की समोरून प्रश्न येतो, "म्हणजे जीपीच ना?" शहरात आपण तरी काय करतो? डोकेदुखीला न्यूरोलॉजिस्ट, अ‍ॅसिडिटीला गॅस्ट्रो. फॅमिली डॉक्टर फक्त मेडिकल सर्टिफिकेटपुरता!

मेड-पेड्सची एक गोष्ट मात्र आपण उचलायलाच हवी, आणि ती विदर्भाइतकी कुठे पटणार? इथे सिकलसेल आहे. आई आणि बाबा दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. तान्हेपणी हातापायाची बोटं सुजतात. लहान मुलात प्लीहा अचानक रक्ताने भरून जीवावर बेततं. मोठेपणी खुब्याचं हाड झिजतं, छातीत त्रास होतो, बाईला बाळंतपण जड जातं. आजार एकच, वयाप्रमाणे रूप बदलणारा. पूर्वी हे पेशंट मोठे होतच नसत. आता लसी, पेनिसिलिन आणि हायड्रॉक्सियुरिया यांच्यामुळे होतात. आणि मग एका वाढदिवसाला, कुठे १२ व्या, कुठे १४ व्या, कुठे १८ व्या, त्यांना सांगितलं जातं की आता पलीकडच्या ओपीडीत जा.

पलीकडे नवा डॉक्टर, नवा केसपेपर. ज्या डॉक्टरीणबाईंना घरचं सगळं ठाऊक होतं, त्या जिना उतरून येत नाहीत. गोळी रोज का घ्यायची हे आतापर्यंत आईला सांगितलेलं असतं, पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. नेमकं तेव्हा कॉलेज किंवा पहिली नोकरी सुरू होते आणि तारखा चुकायला लागतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. उद्दिष्ट २०४७ चं. तपासण्या वाढणार, हे छानच. पण तपासणीत सापडलेली मुलं मोठी होणार, त्यांना पलीकडच्या दारापर्यंत हात धरून कोण नेणार? अमेरिकेत हेच काम मेड-पेड्सवाल्यांनी आपलंसं केलं आहे. जन्मजात हृदयविकार, सिस्टिक फायब्रोसिस, सिकलसेल. मूल पंचविशीचं झालं तरी डॉक्टर तोच राहू शकतो.

माझी मैत्रीण यावर तिच्या परीने एक करते. मूल तेरा वर्षांचं झालं की आईला पाच मिनिटं बाहेर बसवते आणि प्रश्न थेट मुलाला विचारते. कोणती गोळी, किती वाजता, दुखलं तर आधी काय करशील? सुरुवातीला मुलं दाराकडे बघतात म्हणे.

हे वाचताना तुमच्यापैकी कुणाला लहानपणापासूनचा दमा असेल, टाइप वन डायबिटीस असेल, हृदयाचं ऑपरेशन झालेलं असेल. या शनिवारी घरी गेलात की आईच्या कपाटातली ती जुनी फाइल काढा. तुमच्या पीडियाट्रिशियनना फोन करून एका पानाचा गोषवारा मागा. निदान केव्हा झालं, ऑपरेशन कोणतं, कोणतं औषध सोसलं नाही, लसी कोणत्या राहिल्या. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि सध्याच्या डॉक्टरांना दाखवा. बहुतेक पीडियाट्रिशियन फोनवर तुमचं लहानपणीचं नाव घेतील, तेवढं चालवून घ्या.