शिरस्त्राण कायदा, मोटारसायकलविषयक

मोटारसायकल चालविणाऱ्याने व तिच्यावर मागे बसणाऱ्याने विहित दर्जाचे शिरस्त्राण अथवा हेल्मेट घातलेच पाहिजे, असे बंधन घालणारा कायदा. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये असा कायदा प्रथम अंमलात आणला. पुढे अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या कायद्याभोवती प्रदीर्घ वाद झाला. दिसण्यापुरत्या हेल्मेटांचा, म्हणजेच ‘नॉव्हेल्टी हेल्मेटां’चा, प्रश्नही तेथेच विशेष तीव्रतेने पुढे आला.

शिरस्त्राणाचे मुख्य भाग तीन : बाहेरचे कठीण कवच, आतील आघातशोषक अस्तर व हनुवटीखालचा पट्टा. कवच आघात मोठ्या क्षेत्रावर पसरविते व अणकुचीदार वस्तूंना अडविते. खरे संरक्षण मिळते ते अस्तरामुळे. अस्तर बहुधा फुगविलेल्या पॉलिस्टायरिनाचे असते. आघाताच्या वेळी ते चिरडले जाते आणि त्यामुळे डोके थांबण्यास थोडे अधिक अंतर व काही मिलिसेकंद अधिक वेळ मिळतो. परिणामी मेंदूवर येणारा प्रेरणेचा भार कमी होतो. अस्तर एकदा चिरडले गेले, की ते पुन्हा उपयोगी पडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश मेंदू-शल्यतज्ज्ञ ह्यू केर्न्झ यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास करून हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

संयुक्त संस्थानांत १ मार्च १९७४ पासून ‘संघराज्य मोटार-वाहन सुरक्षा मानक क्र. २१८’ लागू झाले. त्यानुसार हेल्मेट मस्तकाकृती ठोकळ्यावर बसवून सुमारे १.८ मी. उंचीवरून सपाट ऐरणीवर व सुमारे १.४ मी. उंचीवरून अर्धगोल ऐरणीवर पाडतात. या वेळी ठोकळ्याचा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या ४०० पटींपेक्षा अधिक होता कामा नये. तसेच ३ किग्रॅ. वजनाचे टोकदार आघातक ३ मी. उंचीवरून पाडले असता ते ठोकळ्यापर्यंत पोहोचता कामा नये. पट्ट्याची ताकद व दोन्ही बाजूंस प्रत्येकी १०५ अंशांपर्यंतची दृष्टिकक्षा यांसंबंधीही अटी आहेत. मात्र विक्रीपूर्वी शासन कोणत्याही हेल्मेटला मान्यता देत नाही. उत्पादक स्वत:च प्रमाणन करून मागील बाजूस ‘डीओटी’ हे चिन्ह लावतो व शासन बाजारातील नमुने घेऊन त्यांची नंतर चाचणी करते.

नकली हेल्मेटांना वाव मिळाला तो या व्यवस्थेतील फटीमुळे. अशी हेल्मेटे वजनाने बहुधा अर्ध्या किग्रॅ.च्या आसपास किंवा त्याहून हलकी असतात. नियमानुसार बनविलेल्या हेल्मेटचे वजन साधारणपणे सव्वा ते दीड किग्रॅ. भरते. नकली हेल्मेटात अस्तर नसते किंवा फार पातळ व मऊ असते. ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ अशी सूचना देऊन विकल्यामुळे विक्रेता मानकाच्या कक्षेबाहेर राहू पाहतो. डीओटी चिन्हाच्या चिकटपट्ट्या वेगळ्या विकत मिळतात. ग्राहक ती चिकटपट्टी हेल्मेटवर लावतो आणि कायद्याचे बाह्यरूप तेवढे पाळतो.

राज्यांतील कायद्यांचा इतिहासही चढउताराचा आहे. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा अधिनियमान्वये हेल्मेटसक्ती न करणाऱ्या राज्यांचा निधी रोखण्याची तरतूद होती. त्यामुळे १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी कायदे केले. १९७६ मध्ये काँग्रेसने हा दंड काढून टाकताच अनेक राज्यांनी सक्ती रद्द वा शिथिल केली. स्वत:च्या जिवापुरता धोका पत्करण्याचा व्यक्तीस अधिकार आहे, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. १९६८ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने तो मान्य केला. परंतु १९७२ मध्ये मॅसॅचूसेट्समधील एका दाव्यात संघीय न्यायालयाने असा निर्णय दिला, की जखमीस उचलणे, त्याच्यावर उपचार करणे व तो अपंग झाल्यास त्याचा भार वाहणे हे समाजालाच करावे लागते. म्हणून सक्ती वैध आहे. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९२ पासून सर्व स्वारांना सक्ती झाली. तेथील मोटारसायकल अपघातांतील मृत्यू १९९१ मध्ये ५२३ होते, ते १९९२ मध्ये ३२७ वर आले. तथापि अंमलबजावणीत पुराव्याची अडचण उभी राहिली. मानकाची चाचणी प्रयोगशाळेत होते व तीत हेल्मेट निकामी होते. साहजिकच रस्त्यावरील पोलिसास केवळ दिसण्यावरून अनुमान करावे लागते. ‘ईझीरायडर्स’ या मोटारसायकलस्वारांच्या संघटनेने महामार्ग पोलिसांविरुद्ध दावा लावला. १९९६ मध्ये नवव्या मंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने असे ठरविले, की चिन्हांकित हेल्मेट सदोष असल्याचे मानण्यास सबळ कारण असल्याखेरीज व तो दोष स्वारास प्रत्यक्ष ठाऊक असल्याखेरीज पोलिसांनी त्याच्यावर आरोप ठेवू नये. या निर्णयाने प्रामाणिक ग्राहकास संरक्षण मिळाले. पण जाणूनबुजून चिकटपट्टी लावणाऱ्यावर गुन्हा शाबीत करणे अवघड झाले. यावर उपाय म्हणून २०११ मध्ये मानकात सुधारणा करण्यात आली. मे २०१३ पासून बनलेल्या हेल्मेटांवर उत्पादकाचे नाव, मानकाचा क्रमांक व ‘प्रमाणित’ हा शब्द असणे आवश्यक ठरले. अस्तराची जाडी, वजन व पट्ट्याची बांधणी पाहून हेल्मेट ओळखण्याचे मार्गदर्शनही पोलिसांना दिले जाते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ अन्वये हेल्मेटची सक्ती असून पगडी घालणाऱ्या शीखांना सूट आहे. २०१९ मधील दुरुस्तीने उल्लंघनास १,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत अनुज्ञप्तीस अपात्रता विहित केली. त्याच वर्षी पुणे शहरात सक्तीची कडक अंमलबजावणी सुरू होताच तिला नागरिकांच्या काही गटांनी विरोध केला. येथेही दंड चुकविण्यापुरती हलकी टोपी डोक्यावर ठेवण्याची प्रवृत्ती आढळते. १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ या मानकानुसार ‘आयएसआय’ चिन्ह नसलेल्या दुचाकी-हेल्मेटांचे उत्पादन व विक्री यांवर बंदी आली. अमेरिकेतील अनुभव पाहता या उपायाचे महत्त्व ध्यानात येते. हेल्मेटचा दर्जा कारखान्यात व दुकानात तपासता येतो. रस्त्यावर तो सहसा तपासता येत नाही, आणि अपघातात तो कळतो तेव्हा उशीर झालेला असतो.