वेदनेचा अखत्यार

दुखते एवढे सांगून न थांबता त्या दुखण्याची जातकुळीही ऐकणाऱ्याच्या ध्यानी आणून द्यावी, याची तजवीज जपानी भाषेने द्विरुक्त शब्दांत करून ठेवली असून, नाडीच्या ठेक्यावर ठणकणारा दात ‘झुकिझुकी’, डोक्यात घण पडावेत तशी शिरोवेदना ‘गानगान’, भाजलेल्या त्वचेची चुरचुर ‘हिरिहिरी’ आणि उष्णोदकाच्या स्नानानंतर अंगभर पसरणारी सुखद ऊब ‘पोकापोका’ होय. रुग्णाची जबानी घेताना वैद्यांनाही हे शब्द उपयोगी पडतात. असानो त्सुरुको यांनी संपादिलेला अशा शब्दांचा स्वतंत्र कोश १९७८ साली कादोकावा प्रकाशनाने काढला. साध्या विशेषणांतही असाच काटेकोरपणा आहे: हवेची थंडी ‘सामुई’, स्पर्शाचा गारवा मात्र ‘त्सुमेताई’.

याहून विलक्षण आहे ते व्याकरण. ‘इताई’, म्हणजे ‘दुखते’, हे निःशंक विधान वक्त्याने सामान्यतः स्वतःपुरतेच करावयाचे. शेजाऱ्याचे पोट दुखत असेल, तर ‘इतागात्ते इरु’, म्हणजे दुखत असल्याची चिन्हे त्याच्या वर्तनात दिसतात, असे म्हणावे लागते. परक्याच्या अंतःकरणात शिरण्यास असा मज्जाव करणारे व्याकरण मला तरी अत्यंत सभ्य वाटते. कादंबरीतील सर्वसाक्षी निवेदकाला तेवढी या निर्बंधातून माफी आहे.