वेदनेचा आलेख आणि एक स्वयंसेविका

शाळेत कोणी विचारले, की तुमच्यापैकी बरेच जण ‘मला डॉक्टर व्हायचे आहे’ असे सांगता. का, असे विचारल्यावर मात्र गुण, प्रतिष्ठा, वडिलांची इच्छा अशी उत्तरे येतात. ‘मी रुग्णांजवळ बसलो होतो म्हणून’ असे सांगणारा क्वचितच भेटतो. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांचे उत्तर नेमके हेच होते. वैद्यकीय शिक्षण सुरू केले तेव्हा त्यांचे वय ३३ वर्षांचे होते!

त्यांचा जन्म १९१८चा. दुसऱ्या महायुद्धात त्या परिचारिका झाल्या. पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले आणि त्या रुग्णालयात समाजसेविकेचे काम करू लागल्या. तेथे १९४७ साली त्यांना डेव्हिड तास्मा हा पोलंडहून आलेला, कर्करोगाने ग्रासलेला रुग्ण भेटला. लंडनमध्ये त्याचे जवळचे असे कोणी नव्हते. मृत्युपंथाला लागलेल्या माणसांसाठी एक वेगळे घर असावे, ही कल्पना दोघांच्या बोलण्यातून निघाली. १९४८ साली तो वारला. जाताना त्याने सिसिलीबाईंच्या नावे ५०० पौंड ठेवले. तुमच्या त्या घरातली एक खिडकी मी होईन, असे त्याचे म्हणणे होते.

त्यानंतर नोकरी सांभाळून त्या संध्याकाळी सेंट ल्यूक्स या रुग्णालयात विनावेतन शुश्रूषेला जाऊ लागल्या. तेथे त्यांना एक वेगळीच पद्धत दिसली. इतरत्र रुग्ण वेदनेने कळवळू लागला, की मग मॉर्फिन देत. येथे ते ठरावीक वेळाने, वेदना परत येण्यापूर्वीच तोंडाने देत.

एवढ्याशा बदलाने काय होणार, असे वाटते ना? मग एक आलेख काढा. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर रक्तातील औषधाचे प्रमाण. आता दोन आडव्या रेषा ओढा. औषध खालच्या रेषेच्या खाली गेले, की वेदना सुरू होते. वरच्या रेषेच्या वर गेले, की गुंगी येते. औषध घेतल्यावर वक्र साधारण तासाभरात चढतो, मग उतरू लागतो आणि सुमारे चार तासांनी खालच्या रेषेजवळ येतो.

रुग्ण ओरडेपर्यंत थांबलो, तर वक्र खालची रेषा ओलांडून गेलेला असतो. पुढची मात्रा लागू पडेपर्यंत वेदना वाढत जाते. मग मात्राही मोठी लागते आणि वक्र वरच्या रेषेपलीकडे उडी मारतो. म्हणजे रुग्ण एक तर तळमळतो, नाही तर गुंगीत पडतो. याउलट पुढची मात्रा वेळेआधी दिली, तर वक्र दोन रेषांच्या मध्येच खेळत राहतो. रुग्ण जागा असतो, बोलतो, जेवतो. ‘आता परत दुखणार’ ही भीती वेदनेत भर घालते, तीही ओसरते. (मात्रा रुग्णागणिक बदलते. ती ठरवणे हे डॉक्टरांचेच काम!)

हे तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना का दिसत नसे? फेरीवरचा डॉक्टर खाटेशी दोन मिनिटे थांबतो; त्याला वक्रावरचा एक बिंदू दिसतो. पूर्ण वक्र दिसतो तो संध्याकाळभर उशाशी बसणाऱ्याला. पण परिचारिकेचे म्हणणे डॉक्टर मंडळी मानणार नाहीत, तेव्हा डॉक्टरच व्हा, असा सल्ला त्यांना नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकांनी दिला. तो त्यांनी मानला. १९५१ साली शिक्षण सुरू, १९५७ साली पदवी. १९५८पासून सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवून त्यांनी वेळच्या वेळी औषध देण्याचा उपयोग दाखवून दिला. १९६७ साली त्यांचे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. तास्माची खिडकी तेथे आहे.

हॉस्पिसची ही कल्पना १९८६ साली मुंबईत आली. वांद्र्याचे ‘शांती अवेदना’ हे भारतातले पहिले हॉस्पिस. केरळात तर १९९०च्या दशकापासून गावोगावचे शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जात आले आहेत.

तुम्हाला काय करता येईल? रुग्णालये लहान मुलांना कक्षात सहसा घेत नाहीत. शिक्षकांनी आधी परवानगी काढावी. नाही तर शेजारच्या अंथरुणावरच्या आजी आहेतच. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवा, पत्र लिहून द्या, पाणी द्यायचे तर घरच्यांना विचारून द्या. औषधाला हात लावू नका आणि त्यांनी सांगितलेले बाहेर बोलू नका. दुखणे कोणत्या वेळी वाढते, कशाने कमी होते, हे वहीत टिपा आणि वही त्यांच्या घरच्यांना दाखवा. त्यांच्या डॉक्टरांना ती उपयोगी पडेल.

चार दिवसांत काहींना कळेल, की हे आपल्याला सोसत नाही. त्यात कमीपणा नाही. बारावीनंतर कळण्यापेक्षा आता कळलेले बरे. औषधनिर्माण, प्रयोगशाळा, कृत्रिम अवयव बनवणे ही कामेही रुग्णांसाठीच असतात. आणि एखादीला आजींना उठवून बसवताना वाटेल, की हे अधिक सोपे कसे करता येईल? तिने भौतिकोपचाराची चौकशी जरूर करावी.