प्रकरण दुसऱ्या न्यायालयात नेता येते काय?

रायपूर शहराला लागून असलेल्या बीरगांवात, उरला औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी, कामगारांची मोठी वस्ती आहे. तेथील एखाद्या रहिवाशाच्या हाती दोन प्रकारच्या नोटिसा पडू शकतात. शांतता राखण्याबद्दल मुचलका का लिहून घेऊ नये, असे पहिली विचारते. जिल्ह्याबाहेर का घालवू नये, असे दुसरी. या दुसरीला छत्तीसगडात जिल्हाबदर म्हणतात, महाराष्ट्रात हद्दपारी किंवा तडीपारी. दोहोंतही शिक्षा झालेल्या गुन्ह्याचा दंड भोगायचा नसतो. पुढे काही घडेल या भयाने माणसाच्या वावरण्यावर आधीच बंधन घातले जाते. इंग्लंडने 2005 साली दहशतवादाच्या संशयितांसाठी केलेले आणि 2011 च्या कायद्याने मोडीत काढलेले नियंत्रण-आदेश याच जातीचे होते.

ज्या अधिकाऱ्यापुढे जाब द्यायचा, त्याच्या निःपक्षपातीपणावरच विश्वास नसेल तर काय करावे? मुचलक्याचे प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते, आणि कायदा त्याला फौजदारी न्यायालयांतच गणतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 451 व्या कलमान्वये जिल्हादंडाधिकारी असे प्रकरण आपल्या हाताखालच्या एका दंडाधिकाऱ्याकडून काढून दुसऱ्याकडे सोपवू शकतो. मात्र त्याची कारणे त्याने लिहून ठेवली पाहिजेत. हद्दपारीची गोष्ट निराळी. 1990 च्या राज्य सुरक्षा अधिनियमाने तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यास दिला तो प्रशासनाचा अधिकारी म्हणून. जेथे न्यायालयच नाही, तेथे बदली कशाची करणार? तेथे मार्ग राज्य शासनाकडे अपिलाचा, आणि पुढे घटनेच्या 226 व्या कलमाखाली उच्च न्यायालयाचा.

बदलीचा अधिकार कायद्याने दिला असेल तेवढाच असतो, हे महाराष्ट्रातील एका खटल्याने फार मोठी किंमत देऊन शिकविले. मुख्यमंत्रिपद सोडलेल्या अ. र. अंतुले यांच्यावर रामदास नायक यांनी 1982 साली भ्रष्टाचाराची फिर्याद केली. 1952 च्या कायद्याप्रमाणे असे खटले केवळ विशेष न्यायाधीशानेच चालवावयाचे होते. 16 फेब्रुवारी 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, खटला लवकर निकालात निघावा या हेतूने, कोणी तशी मागणी केलेली नसताना तो थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठविला. वरवर पाहता यात आरोपीचा मानच झाला! पण विशेष न्यायाधीशाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाण्याची पायरी त्यामुळे नाहीशी झाली, आणि या मुद्द्यावर त्याचे म्हणणेही ऐकून घेतले गेले नव्हते. अखेर 29 एप्रिल 1988 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ती बदली अवैध ठरविली. अधिकारिता निर्माण करणे हे विधिमंडळाचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयही ती आपल्या आदेशाने उत्पन्न करू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. घाईपोटी दिलेल्या आदेशाने चार वर्षे खर्ची पडली, आणि न्यायालयाने स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त केली. अशी कबुली विरळाच.

अधिकार असला तरी तो मागताक्षणी वापरला जात नाही. मुंबईतील अब्रुनुकसानीचा खटला दिल्लीस न्यावा, ही मनेका गांधी यांची विनंती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, ती याच कारणाने. पक्षकाराची गैरसोय किंवा न्यायालयातली थोडी गडबड पुरेशी नव्हे. निष्पक्ष न्याय मिळणार नाही अशी वाजवी भीती दाखविता आली पाहिजे.

कोणाकडे दाद मागायची हे नकाशावरही अवलंबून असते. 1936 पासून 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे नागपूरच्या उच्च न्यायालयाखाली होती. एकीकडचा खटला दुसरीकडे नेण्यास तेच समर्थ होते. पुढे रायपूर जबलपूरच्या, आणि 1 नोव्हेंबर 2000 पासून बिलासपूरच्या उच्च न्यायालयाखाली गेले. आज बीरगांवच्या माणसाला आपले फौजदारी प्रकरण नागपुरास हलवावयाचे असेल, तर संहितेच्या 446 व्या कलमाखाली दिल्लीस सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो.